ब्राझीलच्या कादंबऱ्या: सुरुवात कुठून?

मिल्टन हातूमच्या २००० सालच्या कादंबरीपासून करा. इंग्रजीत ती ‘द ब्रदर्स’ नावाने आहे. ब्राझीलमधल्या मानाउस शहरातलं लेबनानी घर, जुळ्या भावांचं वैर, आणि हे सगळं सांगतो मोलकरणीचा मुलगा. आपला बाप दोघांपैकी कोण, हेच त्याला ठाऊक नाही! त्यामुळे त्याच्या सांगण्याला शंकेची छटा आहे. नवे वाचक इथेच फसतात: निवेदकाचा शब्द पुरावा मानतात.

दुसरी चूक, घटनांच्या मागे धावणं. शिकू बुआर्कीच्या ‘स्पिल्ट मिल्क’मध्ये (२००९) शंभरी गाठलेला म्हातारा इस्पितळाच्या खाटेवरून तेच प्रसंग पुन्हापुन्हा सांगतो, तपशील बदलत. ते बदल टिपत चला, उदासी त्यातच मुरलेली आहे.

जादुई वास्तववादाची, म्हणजे अद्भुत गोष्टी रोजच्यासारख्या सांगणाऱ्या शैलीची, अपेक्षा सोडा. आणि ब्राझीलची लेखिका क्लारिस लिस्पेक्टर? तिच्याकडे वळायला थोडं थांबा.