कूलरचा आवाज आणि दिवसभराचा थकवा

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून नागपुरात बँकेत नोकरी करते. गेल्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. डॉक्टर त्याच्याबद्दल विचारत होते, पण मला माझेच लहानपण आठवत होते. काउंटरवर मी दिवसभर हसून, नजरेला नजर देऊन बोलते. घरी आले की अर्धा तास अंधारात पडून राहावे लागते. मे महिन्यात सगळे घर कूलरसमोर बसते, तेव्हा मी त्याची घरघर सहन न होऊन आतल्या खोलीत घामाने निथळत असते. सासूबाई याला नखरे म्हणतात. नैराश्यावरच्या गोळ्यांनी मन सावरले, थकवा मात्र जात नाही. मलाही तेच असेल का? या वयात ते कळून उपयोग काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, पत्रावरून निदान करता येत नाही, परंतु तुमची शंका निराधार नाही. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, त्यामुळे मुलाच्या निदानानंतर आईला किंवा वडिलांना स्वतःची ओळख पटते, असे पुष्कळदा घडते. मुलींच्या बाबतीत स्वमग्नता लहानपणी अनेकदा नजरेतून निसटते, कारण कधी हसायचे, किती बोलायचे हे त्या इतरांचे पाहून पाठ करतात आणि शांत, अभ्यासू मुलीबद्दल शाळेची तक्रार नसते. हे पाठ केलेले वागणे आठ तास निभावण्यात माणूस अक्षरशः पिळून निघतो. कूलरचा त्रास म्हणजेही नखरे नव्हेत: आवाज, उजेड, स्पर्श यांबद्दलच्या वेगळ्या संवेदनशीलतेचा समावेश २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत स्वमग्नतेच्या निकषांमध्ये झाला आहे.

तरीही नैराश्य हा वेगळा आजार आहे. 'माझा स्वभावच असा' म्हणून गोळ्या मनाने बंद करू नका. आवाजाचा त्रास आणि अंधारातला अर्धा तास या दोन्ही गोष्टी तुमच्या डॉक्टरांना सांगा. त्या कळल्याशिवाय त्यांना केवळ उदासी दिसेल. मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार विभागात किंवा मिहानमधील एम्समध्ये प्रौढांची तपासणी होते का, हे आधी विचारून जा आणि शक्य असल्यास आईला सोबत न्या, कारण तुमच्या बालपणाची माहिती तिथे लागेल. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटले, तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रीअपरात्रीही मराठीत बोलता येते.

उपयोग काय, असे तुम्ही विचारता. आळशी, माणूसघाणी अशी जी दूषणे तुम्ही वर्षानुवर्षे स्वतःला दिली असतील, ती खोडण्याचा आधार मिळतो, आणि माझ्या मते हा उपयोग थोडा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे; बँकेत सांगायचे की नाही, हे मात्र सर्वस्वी तुम्ही ठरवावे. घरच्यांना आधी सांगा. कूलरच्या मोटारीला तेल घालून आवाज कमी होतो का ते पाहा, नाहीतर कानात बोळे घालून सगळ्यांसोबत बसा. तो अर्धा तास चोरून न घेता उघडपणे घ्या. शाळेतून आलेल्या मुलालाही तशाच शांततेची गरज असेल, तर दोघांनी एकाच खोलीत घ्या.