अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स: बीपीटीएचवाल्यांनी अर्ज करण्याआधी

तुझे प्रश्न तीन आहेत. बीपीटीएचची, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीची, इंटर्नशिप संपत आली आहे, स्वतः कबड्डी खेळलेली आहेस आणि आता अमेरिकेत अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगमध्ये मास्टर्स करायचं आहे. तर (१) आपल्या डिग्रीमुळे दोनाऐवजी एका वर्षात होईल का, (२) फी माफ होईल अशी असिस्टंटशिप मिळेल का, आणि (३) परत आल्यावर आयपीएल किंवा प्रो कबड्डीच्या संघात घेतील का. उत्तरं अशी: नाही, बहुतेक नाही, आणि त्या कामासाठी ही डिग्री कुणी मागत नाही. मी महाराष्ट्रातूनच बीपीटीएच करून इथे अमेरिकेत आले, एटीसी (प्रमाणित अ‍ॅथलेटिक ट्रेनर) झाले, मिडवेस्टमधल्या एका कॉलेजच्या संघांबरोबर काम करते आणि काम मला आवडतं. तरीही एजंट जे सांगत नाहीत ते आधी सांगते.

अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे स्पोर्ट्स फिजिओचं अमेरिकन नाव, असं समजून आपल्याकडची बरीच मुलं अर्ज करतात. दोन्हीकडे रिहॅब आहे, टेपिंग आहे, गुडघे-घोटे आहेत, हे खरं. पण फिजिओकडे खेळाडू दुखापत झाल्यावर येतो. अ‍ॅथलेटिक ट्रेनर दुखापत होते त्या क्षणी तिथे हजर असतो, आणि त्याच्या शिक्षणाचा मोठा भाग त्या पहिल्या काही मिनिटांसाठी असतो. २ जानेवारी २०२३ ला सिनसिनाटीत बफलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा डामार हॅमलिन टॅकल करून उठला आणि कोसळला, हृदय बंद. मैदानावर त्याला सीपीआर देणारा डेनी केलिंग्टन हा संघाचा सहायक अ‍ॅथलेटिक ट्रेनर होता. त्या रात्रीनंतर अमेरिकेतल्या सामान्य माणसाला या पेशाचं नाव कळलं.

उष्माघाताचंच उदाहरण घे, कारण आपल्या बीपीटीएचमध्ये तो जेमतेम परिच्छेदभर असतो आणि इथे त्यावर आठवडेच्या आठवडे घालवतात. ऑगस्टमध्ये अमेरिकन फुटबॉलचा सराव सुरू होतो, अंगावर हेल्मेट आणि शोल्डर पॅड. मुलगा बडबडायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, की तापमान बघायचं ते गुदद्वारातून. काखेतलं, कपाळावरचं, कानातलं, कुठलंच धरत नाहीत. ४०.५ अंश सेल्सिअसच्या वर आणि सोबत भ्रम असेल तर त्याला बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवायचं, पाणी ढवळत राहायचं आणि साधारण ३९ च्या खाली आल्यावरच अँब्युलन्समध्ये चढवायचं. आधी थंड करा, मग हलवा, हा नियम. अर्ध्या तासात थंड झाला तर तो जगतो. मिनेसोटा व्हायकिंग्ज या फुटबॉल संघाचा कोरी स्ट्रिंगर २००१ मध्ये सरावातल्या उष्माघाताने गेला. त्याच्या नावाची संस्था २०१० पासून कनेक्टिकट विद्यापीठात याच विषयावर काम करते. हे तुला वाचायला नको, करायला हवं आहे का, हे आधी स्वतःला विचार. १९ वर्षांच्या दीडशे किलोच्या मुलाचं रेक्टल टेम्परेचर, आजूबाजूला कोच ओरडतोय, आई-वडील स्टँडमध्ये उभे. ज्यांना ओपीडीची शांतता आवडते त्यांनी इथे येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता डिग्रीचं. पूर्वी इथे हा बॅचलरचा कोर्स होता. २०१५ मध्ये ठरलं की पेशात शिरायची डिग्री मास्टर्सच असेल, आणि २०२२ च्या फॉल सत्रानंतर (ऑगस्टच्या सुमारास सुरू होणारं सत्र) बॅचलरला नवीन प्रवेश बंद झाले. एटीसी होण्याची परीक्षा बीओसी या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची: १७५ प्रश्न, चार तास. ती द्यायला सीएएटीई या कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या कोर्समधूनच बाहेर पडावं लागतं. कॅनडा, आयर्लंड अशा मोजक्या देशांशी बीओसीचा परस्पर मान्यतेचा करार आहे, भारताशी नाही. म्हणजे तुझं बीपीटीएच असो, एमपीटीएच (फिजिओथेरपीतलं मास्टर्स) असो, दहा वर्षांचा अनुभव असो, दोन वर्षं पूर्ण करावीच लागतात. एखादा प्रोफेसर गोनिओमेट्री (सांध्याची हालचाल मोजणं) तुला येते हे बघून वर्गात तुलाच शिकवायला लावेल, पण क्रेडिट सोडणार नाही.

इथे एक सापळा आहे आणि त्यात आपली मुलं दरवर्षी अडकतात. विद्यापीठांच्या यादीत तीन प्रकारचे कोर्स शेजारीशेजारी दिसतात. एक ‘प्रोफेशनल’ मास्टर्स, तो तुझा. दुसरा ‘पोस्ट-प्रोफेशनल’ मास्टर्स किंवा डॉक्टरेट. तो आधीच एटीसी असलेल्यांसाठी, त्यातून परीक्षेला बसता येत नाही. तिसरा म्हणजे कायनेसिओलॉजी, एक्सरसाइज सायन्स, स्पोर्ट्स मेडिसिन वगैरे नावांचे एमएस. चांगले असतात, पण एटीसीचा रस्ता त्यातून जात नाही, आणि नेमके हेच एजंट लोक खपवतात, कारण तिथे प्रवेश सोपा. सीएएटीईच्या साइटवर कोर्सचं नाव शोध. नुसती मान्यता आहे एवढं बघू नकोस. प्रोबेशनवर आहे का, स्वतःहून बंद करत आहेत का, तेही तिथे लिहिलेलं असतं. बॅचलरवरून मास्टर्सवर जाताना बरेच कोर्स बंद पडले आणि अजून पडत आहेत.

प्रत्येक कोर्सला आपले आकडे वेबसाइटवर जाहीर करावेच लागतात: पहिल्या प्रयत्नात बीओसी पास होणारे किती, मध्येच सोडून जाणारे किती, नोकरी लागलेले किती. तीन वर्षांचं मिळून ७० टक्के हा पहिल्या प्रयत्नाचा किमान निकष आहे. मी त्याहून जास्त लक्ष गळतीकडे देते. पास होण्याची टक्केवारी शंभर आणि वर्ग अर्धा रिकामा झालेला, अशा ठिकाणी कच्ची मुलं आधीच बाहेर काढलेली असू शकतात. नावापेक्षा हे आकडे मोलाचे. फुटबॉलमुळे टीव्हीवर दिसणाऱ्या विद्यापीठात विद्यार्थ्याच्या वाट्याला कधीकधी पाण्याच्या बाटल्या भरणंच येतं. छोट्या कॉलेजात प्रीसेप्टर, म्हणजे प्रत्यक्ष काम शिकवणारा ट्रेनर, तुला पहिल्याच सत्रात घोटा तपासायला देईल.

असिस्टंटशिपबद्दल तू जे वाचलं आहेस ते खोटं नाही, शिळं आहे. बॅचलर करून एटीसी झालेली मुलं मास्टर्स करता करता एखाद्या संघाचं काम बघायची आणि त्याबदल्यात विद्यापीठ फी भरायचं, अशी ती जुनी पद्धत. आता मास्टर्स करणारा मुलगा एटीसी नसतोच, मग त्याच्या हाती संघ कसा देणार? काही ठिकाणी लॅबमध्ये शिकवण्याची किंवा ऑफिसातली असिस्टंटशिप असते, पण दिवसभर क्लिनिकल्स (संघाबरोबर किंवा क्लिनिकमध्ये प्रत्यक्ष शिकणं) असताना त्यासाठी वेळ निघणं कठीण. शिवाय किमान चार आठवडे सलग पूर्णवेळ क्लिनिकल करावंच लागतं, त्या काळात दुसरं काहीच होत नाही. सरकारी विद्यापीठ आणि लहान गाव धरलं तरी फी, राहणं, विमा मिळून दोन वर्षांचा खर्च ५० लाखांच्या आत बसवणं अवघड आहे, असं धरूनच घरी बोल.

आणि कमाई? अमेरिकेच्या कामगार खात्याच्या आकड्यांत अ‍ॅथलेटिक ट्रेनरचा मध्यम पगार वर्षाला ६० हजार डॉलरच्या आसपास, फिजिकल थेरपिस्टचा एक लाखाच्या आसपास. तास मात्र आपले जास्त. सीझनमध्ये शनिवार-रविवार विसरायचे, रात्री दोनला बसमधून परतायचं आणि सकाळी सहाला खेळाडूंसाठी ट्रेनिंग रूम उघडायची. तुझ्या हातात बीपीटीएच आहे, म्हणजे डिग्रीचं मूल्यांकन करून, जे विषय कमी पडतील ते भरून एनपीटीई ही फिजिओची परवाना परीक्षा देण्याचा फिजिओचा रस्ताही तुला उघडा आहे. तो लांबचा आणि कागदपत्रांचा आहे, पण केवळ अमेरिकेत स्थायिक होऊन चांगलं कमवायचं असेल तर तोच बघ. कर्ज काढून अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगकडे यायचं ते काम आवडतं म्हणून, पगारासाठी नव्हे.

व्हिसाचं गणितही आधीच मांड. शिक्षण संपल्यावर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याच्या परवानगीचे, १२ महिने. संगणकवाल्यांना मिळते ती दोन वर्षांची वाढ या कोर्सला सहसा मिळत नाही, कारण तो आरोग्यसेवेच्या गटात मोडतो. आय-२० वर (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो फॉर्म) कोर्सचा कुठला कोड येणार ते प्रवेश घेण्याआधी लेखी विचार. म्हणजे वर्षभरात एच-१बी, अर्थात नोकरीचा व्हिसा, करणारा मालक शोधायचा. हायस्कूल आणि खासगी क्लिनिकं हे नाव काढलं की गप्प होतात. विद्यापीठांना मात्र एच-१बीच्या लॉटरीतून सूट आहे, अर्ज वर्षात कधीही करता येतो. म्हणून आपल्या मुलांनी पहिल्या दिवसापासून कॉलेजातल्या नोकरीवर डोळा ठेवावा आणि निदान एक मोठं क्लिनिकल कॉलेजच्या संघाबरोबर करावं. फी आणि नियम सध्या इतके बदलत आहेत की यावर ऐकीव माहिती चालणार नाही. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय ऑफिसशीच बोल. कॅम्पसबाहेरचं क्लिनिकल बिनपगारी असलं तरी त्याला सीपीटीची (शिकत असतानाच बाहेर काम करण्याची) परवानगी लागू शकते, आणि पूर्णवेळ सीपीटी वर्षभर झाली तर ओपीटी जाते. हाही हिशेब तिथेच विचार.

तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण मला वाटतं तुझं मन खरं तिथे आहे. भारतात अ‍ॅथलेटिक ट्रेनर नावाचा परवानाधारक पेशा नाही. बीसीसीआय असो, साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) असो, जाहिरातीत फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी मागतात, स्पोर्ट्स स्पेशलायझेशन असेल तर उत्तम. अँड्र्यू लीपस, जॉन ग्लॉस्टर ही जी नावं आपण क्रिकेट बघताना ऐकली, ते दोघेही फिजिओ. तू एटीसी होऊन परत आलीस तर मुलाखतीत तुझ्या बीपीटीएचकडे बघतील आणि पुढे एमपीटीएच का नाही असं विचारतील. आयपीएल-कबड्डीच लक्ष्य असेल तर आपल्याकडचं स्पोर्ट्समधलं एमपीटीएच, नाहीतर इंग्लंड किंवा ऑस्ट्रेलियातलं स्पोर्ट्स फिजिओचं मास्टर्स जास्त उपयोगी, आणि सोबत आतापासून जिल्हा संघटनांबरोबर मॅटवर उभं राहायला लाग. पैसे नाममात्र मिळतील. पण निवड चाचण्यांना, बालेवाडीच्या स्पर्धांना, गावोगावच्या कुस्तीच्या मैदानांना कुणीतरी प्रशिक्षित माणूस हवाच असतो आणि बहुतेक वेळा नसतो. तिथे केलेलं काम संघवाल्यांच्या लक्षात राहतं.

माझ्या मते अ‍ॅथलेटिक ट्रेनिंग दोनच परिस्थितींत घ्यावं. अमेरिकेत राहायचं जवळपास ठरलेलं आहे, म्हणजे जोडीदार तिथे आहे किंवा ग्रीन कार्डची सोय आहे, आणि मैदानावरचं काम मनापासून आवडतं. किंवा घरची आर्थिक ताकद अशी आहे की परत यावं लागलं तरी कर्जाखाली दबणार नाहीस, आणि आपत्कालीन सेवा शिकून आपल्याकडे काहीतरी उभारायचं आहे. बाकी कुणी विचारलं तर मी थांब म्हणते.

एवढं वाचूनही अर्ज करायचाच असेल, तर कामाच्या गोष्टी. अर्ज बहुतेक कोर्सना एटीकॅस नावाच्या सामायिक व्यवस्थेतून जातो. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, शरीररचना, शरीरक्रिया हे विषय पदवी पातळीवर झालेले लागतात. आपल्याकडे भौतिक आणि रसायन बारावीला संपतं, आणि बारावी चालत नाही. बायोकेमिस्ट्री रसायनात आणि इलेक्ट्रोथेरपीचा पाया भौतिकशास्त्रात धरतील का, हे प्रत्येक कोर्स आपापलं ठरवतो. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचा अभ्यासक्रम पीडीएफ करून थेट प्रोग्राम डायरेक्टरला ईमेल कर. अ‍ॅडमिशन ऑफिसला विचारलंस तर छापील उत्तर येईल. नाही म्हणाले तर तेवढा एक विषय ऑनलाइन क्रेडिट कोर्स म्हणून करता येतो, पण त्याला एक सत्र जातं, म्हणून विचारणा आत्ताच. ट्रान्सक्रिप्ट आणि विषयवार मूल्यांकनालाही वेळ लागतो, इंटर्नशिप संपायची वाट बघू नकोस.

प्रवेश मिळाल्यावर लसी, पार्श्वभूमी तपासणी, बीएलएसचं (सीपीआरसारख्या जीवरक्षक उपायांचं) प्रमाणपत्र आणि टीबीची चाचणी मागतात. आपण सगळे बीसीजी घेतलेले, त्यामुळे हातावरची त्वचाचाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पत्रव्यवहार, क्लिनिकल लांबणीवर. सरळ रक्ताची आयजीआरए चाचणी करू द्या म्हणून आधीच विनंती कर.

आणि निघण्याआधी चारचाकी चालवायला शीक. क्लिनिकलची शाळा वीस-तीस मैलांवर असते, बस जात नाही, आणि सामना रात्री दहाला संपतो. पहिल्या सत्रात आपली मुलं सगळ्यात जास्त हैराण होतात ती यानेच.