एम.एस्सी. जिऑलॉजीचं पहिलं सत्र

अभिनंदन! जीआयएस (संगणकावर नकाशे आणि भौगोलिक माहिती हाताळणं) आधी शिकू की नेट परीक्षेची तयारी करू, असं विचारलंयस. सध्या दोन्ही राहू देत. आधी एवढंच कर:

१. मायक्रोस्कोपवर बस. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री खनिजांचे गुणधर्म पाठ करायचे, ही सगळ्यांचीच चूक. थिन सेक्शन (काचेवर चिकटवलेला खडकाचा पातळ काप) बरोबर ०.०३ मिलिमीटरचा असेल तर क्रॉस्ड निकॉल्समध्ये (एकमेकांना काटकोनात लावलेल्या दोन ध्रुवकांमधून) क्वार्ट्झ करडा-पांढरा दिसतो. पिवळा दिसला तर सेक्शन जाड राहिलाय. हे पाठांतरानं डोक्यात बसत नाही, मायक्रोस्कोपची गोल स्टेज फिरवून फिरवून बसतं. रोज अर्धा तास दे आणि दिसेल त्याचं चित्र काढ, वेडंवाकडं का असेना.

२. नमुना उचललास की तिथेच नंबर टाक, वहीत जागा लिही. पहिल्या फील्डला मी घाटातून बेसाल्टचे सात तुकडे आणले, 'लक्षात राहील' म्हणून. हॉस्टेलवर पिशवी उपडी केली तर सात काळे दगड! एकाचीही जागा सांगता येईना. (बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या झिओलाइट खनिजाचे स्फटिक मात्र रुमालात गुंडाळून आणले होते.)

३. दख्खनच्या बाहेर पड. आपल्याकडे जिकडे तिकडे जवळपास आडवे लाव्हाप्रवाह, त्यामुळे थरांचा कल मोजायचा क्लायनोमीटर पिशवीतच राहतो. सिंधुदुर्गात किंवा नागपूर-भंडाऱ्याकडे जुन्या, घड्या पडलेल्या खडकांवर स्ट्राइक-डिप (थरांची दिशा आणि कल) मोज.

गणित कच्चं असेल तर लॉग आणि त्रिकोणमिती तेवढी घोटून घे. आयसोटोप वगैरे पुढच्या वर्षी बघू. आणि बूट जुने चालतील, फक्त घोटा झाकणारे हवेत.