नऊ किलो परत आले म्हणून तोंड लपवू नका

प्रश्न : ताई, माझं वय 38. तीन वर्षांपूर्वी स्लीव्हचं (वजन उतरवण्यासाठी जठर लहान करण्याचं) ऑपरेशन झालं तेव्हा वजन 112 किलो होतं. दीड वर्षात 71 वर आले. आता पुन्हा 80 झालंय. सासूबाई येताजाता म्हणतात, ‘एवढे पैसे पाण्यात घातलेस.’ वर्षभर डॉक्टरांकडे फिरकले नाही, कुठल्या तोंडाने जाऊ? जीवनसत्त्वांच्या गोळ्याही बंद केल्यात. जेवण तर अजूनही एवढंसंच आहे, एक भाकरीसुद्धा संपत नाही. मग वजन वाढतंय कुठून? पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : आधी हिशेब नीट मांडू या. 112 वरून 80 म्हणजे आजही तुमचं 32 किलो वजन उतरलेलंच आहे. मूळ वजनाच्या 28 टक्क्यांहून जास्त. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्या लोकांचं वजन वर्षानुवर्षं मोजलं गेलं. दोन वर्षांनी ते सरासरी 23 टक्के कमी होतं, दहा वर्षांनी 17 टक्के आणि वीस वर्षांनी 18 टक्के. म्हणजे सुरुवातीला खूप उतरतं, मग थोडं परत चढतं आणि पुढे बऱ्यापैकी स्थिरावतं. तेव्हाच्या शस्त्रक्रिया वेगळ्या होत्या, स्लीव्ह नंतर आली. पण वजनाची ही चाल आमच्या ओपीडीत आजही तशीच दिसते. ऑपरेशन फसलेल्यांत तुमची गणती होत नाही, हे सासूबाईंनाही हेच आकडे दाखवून शांतपणे सांगा.

आता वजन वाढतं का, ते पाहू. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं, म्हणून पहिलं वर्षभर भूकच लागत नाही. हळूहळू भूक परत येते, उरलेलं जठर थोडं सैलावतं, आणि उतरलेल्या शरीराला रोजच्या कामकाजाला पूर्वीपेक्षा कमी ऊर्जा पुरते. शरीर आपल्या परीने जुन्या वजनाकडे ओढ घेत असतं. ही ओढ आयुष्यभर राहते, म्हणून लठ्ठपणाचे उपचारही रक्तदाबाच्या उपचारांसारखे आयुष्यभर चालू ठेवायचे असतात. इच्छाशक्ती कमी पडली असं म्हणून स्वतःला कोसत बसू नका.

तुमच्या पत्रातलं ‘एक भाकरीसुद्धा संपत नाही’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. ते खरंच असणार. भाकरी, उसळ, चिकन असं चावून खायचं अन्न स्लीव्हमध्ये लवकर भरतं आणि छातीत दाटल्यासारखं होतं. पण चहात बुडवलेलं बिस्किट विरघळून सरळ खाली जातं. खारी, टोस्ट, शेव, चुरमुऱ्याचा चिवडा, आइस्क्रीम, उसाचा रस यांचंही तेच. पोट भरल्याची खूणच मिळत नाही. सकाळच्या चहाबरोबर तीन बिस्किटं, दुपारी मुलांच्या डब्यात उरलेलं, संध्याकाळी पुन्हा चहा आणि मूठभर फरसाण. पन्नास ग्रॅम फरसाणात अडीचशेच्या वर कॅलरी असतात, आणि त्याला आपण जेवण म्हणत नाही. माझ्यासमोर बसलेल्या किती तरी बायका जेवणाचा तपशील अगदी खरा सांगतात, पण चहाबरोबरचं त्यांना आठवतच नाही, कारण ते उभ्याउभ्या, ओट्यापाशी खाल्लेलं असतं. चार दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहून काढा. कमी करायचं नाही, फक्त लिहायचं.

ताटात आधी प्रथिनं संपवा, भाकरी शेवटी. ऑपरेशननंतर दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंड्यांतून 12 ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम पनीरमधून साधारण 18, घट्ट उसळीच्या वाटीतून सातएक. नुसत्या वरणाच्या पाण्यावर हा आकडा गाठता येत नाही. जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने घोट घोट प्या. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि ऊर्जेची गरज आणखी खाली जाते. म्हणून चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनतीनदा थोडं वजन उचलण्याचा किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम ठेवा.

मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती बंद केलेल्या गोळ्यांची. वजन चार किलो इकडे-तिकडे झालं तर सावरता येतं. बी-12 ची कमतरता लांबली तर हातापायांना येणाऱ्या मुंग्या कायमच्या राहू शकतात. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम, थायरॉइड या तपासण्या करून घ्या. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास जाऊ द्या. लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच.

दुसऱ्या ऑपरेशनचा विचार आत्ता नको. छातीत जळजळ, रात्री आंबट पाणी वर येणं असा त्रास असेल तर तो मात्र आवर्जून सांगा. मग एंडोस्कोपी करून बघतात, आणि त्रास मोठा असेल तर स्लीव्हचं जठराच्या बायपासमध्ये (यात अन्न जठराचा बराचसा भाग टाळून आतड्यात जातं) रूपांतर करण्याचा विचार होतो. नुसते नऊ किलो वाढलेत तर आहार, व्यायाम आणि गरज पडली तर औषधं यांनी पुष्कळ काम होतं. पण त्यासाठी तुम्ही समोर यायला हवं. वजन उतरत असताना सगळे उत्साहाने तपासणीला येतात, आणि चढायला लागलं की यायचे बंद होतात. गरज तेव्हाच जास्त असते.

प्रश्न : वय 49, उंची 170 सेंमी, वजन 96. मधुमेह चार वर्षांपासून, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 8.9. मुलगी म्हणते, बाबा, ऑपरेशन करून टाका. मला वाटतं, चालून आणि जेवण तोडून होईल. विमा आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 33 च्या आसपास येतो. मधुमेह असेल तर 30 च्या पुढे ऑपरेशनचा सल्ला देता येतो, आणि आपल्या आशियाई बांध्यासाठी ही मर्यादा आणखी खाली धरतात. म्हणजे मुलगी चुकीचं सांगत नाही. विम्याचं गणित मात्र वेगळं आहे. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या प्रमाण अटींत बीएमआय 40 लागतो, किंवा 35 आणि सोबत आटोक्यात नसलेल्या मधुमेहासारखा गंभीर आजार. 33 वर दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा विमा कंपनीकडून आधी लेखी घ्या.

तुमचा मार्गही पोकळ नाही. ब्रिटनमध्ये सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेल्या लोकांना काही महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरीवर ठेवलं गेलं. 2017 साली त्याचे निष्कर्ष आले. वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. ज्यांनी 15 किलो किंवा जास्त उतरवले, त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के होतं. दोन वर्षांनी एकूण प्रमाण 36 टक्क्यांवर आलं, कारण वजन परत चढलं. मधुमेह जितका नवा, तितकी आशा जास्त, आणि हे ऑपरेशनलाही लागू आहे. म्हणून स्वतःला सहा महिन्यांची मुदत द्या. वर्षानुवर्षं ‘उद्यापासून’ नको.

हे सगळं डॉक्टरांना सांगून. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना आपल्या मनाने जेवण तोडलंत तर साखर धोकादायक उतरू शकते. दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी, यावर घरोघरी वाद रंगतात. तुम्हाला पाच वर्षं निभावेल ती पद्धत घ्या. अमेरिकेत 1994 पासून वजन उतरवून टिकवलेल्यांची एक नोंदवही ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण रोज तासभर हालचाल करतात, त्यातही चालणं जास्त, आणि बरेच जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहा आणि आकडा लिहून ठेवा. सहा महिन्यांनी आठ-दहा किलोही उतरले नाहीत आणि एचबीए1सी तसाच राहिला, तर मुलीला बरोबर घेऊन सर्जनना भेटा.

प्रश्न : वय 26, उंची 158 सेंमी, वजन 63. तीन महिन्यांनी लग्न आहे. जिममधले ट्रेनर आठवड्याला एक इंजेक्शन घे म्हणतात, आठ किलो जातील म्हणे. घेऊ?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. ही औषधं बीएमआय 30 च्या वर, किंवा 27 च्या वर आणि सोबत मधुमेह, रक्तदाबासारखा आजार असेल तर, डॉक्टरांनी लिहून द्यायची असतात. तुमचा बीएमआय 25 आहे. सेमाग्लुटाइड हे अशा इंजेक्शनांतलं एक औषध. ते थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत आल्याचं अभ्यासात दिसलं आहे. शिवाय गर्भधारणेचा विचार असेल तर ते किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं, हे तुम्हाला ट्रेनरने सांगितलंय का? मळमळ, उलट्या घेऊन केळवणांना बसण्यात काय सुख आहे? कमरेचा घेर मोजा. 80 सेंमीच्या वर असेल तर लग्नानंतरही चालू ठेवता येईल असा व्यायाम आजपासून सुरू करा, आणि ब्लाउज आत्ताच्या मापाचाच शिवायला टाका.