दिवाळीत आठ दिवस फ्लॅट बंद राहणार आहे, कुलूप कोणतं घ्यावं?

पुण्यातल्या आमच्या बिनवॉचमनच्या, तीन मजली सोसायटीच्या कमिटीवर मी आहे, त्यावरून सांगतो. कुलपापेक्षा आधी कोयंड्याकडे बघा. पेपरात घरफोडीची बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा 'कडी-कोयंडा उचकटून' असंच छापलेलं असतं. कुलूप कितीही भारी असलं तरी कोयंडा चार स्क्रूंवरच असतो. शिवाय बाहेर लटकणारं कुलूप बघून घरात कोणी नाही हे जिन्यातून जाणाऱ्या कुणालाही कळतं. दाराच्या आत बसणारं चांगलं लॉक घ्या, सेफ्टी डोअरलाही तेच.

आता शेजाऱ्यांच्या दारांचं. चोरटे काम सुरू करण्याआधी बऱ्याचदा आजूबाजूच्या फ्लॅटना बाहेरून कड्या घालतात. आवाजानं कुणी जागं झालं तरी बाहेर येता येत नाही. त्यामुळे आतलं लॉक बसलं की बाहेरची कडी मजल्यावरच्या सगळ्यांनीच काढून टाकावी. आम्ही सुताराला बोलावून अख्ख्या जिन्याचं काम एकदम उरकलं. पितळी कडी काढायला एक काका अजून तयार नाहीत, असो.

दूध-पेपर बंद करताना 'आल्यावर कळवतो' एवढंच सांगा. गावचे फोटो स्टेटसला परतल्यावर टाका. दिवाळीत मात्र एक वेगळी अडचण असते: सगळीकडे आकाशकंदील आणि तुमच्याच गॅलरीत अंधार. शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या, संध्याकाळी कंदील लावतील. चपलांच्या कपाटात किल्ली ठेवू नका, चोर पहिल्यांदा तिथंच हात घालतो.

दागिने लॉकरमध्येच ठेवा. पण तिथं सगळं भरून मिळेल असं समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमानुसार लॉकरमधून चोरी झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटींपर्यंतच असते. भाडं 3,000 असेल तर 3 लाख, आणि आजच्या भावात तेवढ्यात किती सोनं येतं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि पावती जपून ठेवा. घरातून काही गेलं तरी तक्रार देताना हेच लागतं.

आणि परत आल्यावर दार उघडं दिसलं, तर आत शिरून कपाटं तपासत बसू नका. चोर आतही असू शकतो, आणि ठशांवर तुमचेच हात पडतात. खाली येऊन 112 लावा.