बांध गेला, मग साळिंदर जाणार कुठून?

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं गाव शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या अलीकडं. वाघाच्या कॉरिडॉरचं, म्हणजे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायच्या वाटेचं, पेपरात सारखं येतं, पण साळिंदर, ससा, उदमांजर असल्या बारक्या जनावरांना त्याचा काय उपयोग होतो का? आमच्याकडं ऊस वाढला, जेसीबीनं बांध सपाट झाले, तेव्हापासून ही दिसायचीच कमी झालीत.
— एक शेतकरी वाचक

उत्तर : दादा, नेमकं विचारलंत. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प 2010 ला झाला, तिथून राधानगरीकडं जाणारा जंगलपट्टा टिकलाच पाहिजे, पण वाघ एका रात्रीत रस्ता, शेत, ओढा ओलांडून पुढं जातो आणि रानातला उंदीर बऱ्याचदा साधा डांबरी रस्तासुद्धा ओलांडत नाही, शेकरू तर फांदीवरूनच फिरणारं, वरच्या फांद्या तुटल्या की त्याचं जंगल तिथंच संपलं.

जंगलाचे असे तुकडे पडले की काय होतं ते बघा. थायलंडमध्ये च्याव लान धरण भरलं तेव्हा टेकड्यांची बेटं झाली. 10 हेक्टरच्या, म्हणजे साधारण 25 एकराच्या आतल्या बेटांवर मूळचे छोटे सस्तन प्राणी 5 वर्षांत जवळपास संपले, 10 ते 56 हेक्टरच्या बेटांवर 25 वर्षांत, आणि बाहेरून आलेली उंदराची एक जात मात्र तिथं माजली. झाडं उभी, रान हिरवं, आतली वस्ती गेलेली! लांबून बघणाऱ्याला काहीच कळत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. म्हणून उसात उंदीर दिसतात यावर जाऊ नका, ते पिकावर जगणारे, रानातल्यांना ऊस चालत नाही.

पण वाट दिली की फरक पडतो. ऑस्ट्रेलियात डोंगरावर राहणारा पिग्मी पॉसम नावाचा उंदरासारखा बारका प्राणी आहे, जेमतेम 45 ग्रॅमचा, विणीनंतर नर खाली उतरून जातात आणि वरची जागा माद्यांना राहते, रस्ता नि स्कीइंगच्या कामानं ती वाट तुटली तसे नर वरच अडकले आणि हिवाळ्यात माद्या जास्त मरायला लागल्या. मग रस्त्याखालून दगड भरलेला बोगदा केला, नर पुन्हा जायला लागले, माद्या जगायला लागल्या. एवढंसं काम!

तुमच्याकडं हे काम बांध आणि ओढ्याचा काठ करतो. सगळे बांध परत आणा म्हणत नाही, पण ओढ्यापासून देवराई किंवा डोंगरापर्यंत एक तरी सलग पट्टा राहू द्या, करवंद, शेर, निवडुंग जे असेल ते, आणि शेजाऱ्यांशी आधी बोला, कारण मधल्या एकाच शेतात तुटला तरी वाट बंद. साळिंदर भुईमूग उकरतं हे खरं आहे, तेवढ्या वावराला खाली जमिनीला टेकलेली जाळी लावा. बांध पेटवू नका, पेटवायचाच तर एका वर्षी एकच बाजू.