काजव्यांच्या रानात गाडी कुठे थांबवावी? : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीत दोन दिवस काढण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे भंडारदऱ्याच्या परिसराविषयी आहेत, म्हणून या वेळी ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही सहा मित्र पुण्यात नोकरी करतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात शनिवार-रविवारी एकाच गाडीने भंडारदऱ्याला जायचे ठरले आहे. शनिवारी पहाटे निघून दुपारी रंधा धबधबा आणि धरण, सायंकाळी घाटघरचा कोकणकडा, रात्री काजवे, रविवारी पहाटे कळसूबाई, दुपारी सांदण दरी, नंतर रतनवाडीचे मंदिर आणि रात्री अकरापर्यंत घरी, असा आराखडा आहे. गाडी एकच मित्र चालवतो. हे जमेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आराखडा वाचताना सर्वांत आधी काळजी वाटली ती गाडी चालवणाऱ्या मित्राची. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने शेंडी, म्हणजे धरणाच्या पायथ्याचे गाव, पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर आहे, आणि चाकण-राजगुरुनगरची वर्दळ धरता त्याला साधारण पाच तास लागतात. तुमच्या बेताप्रमाणे हा मित्र शनिवारी पहाटे चारला उठणार, रात्री काजवे पाहून उशिरा झोपणार, तीन-चार तासांत पुन्हा उठून महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर चढणार-उतरणार आणि त्याच थकलेल्या अंगाने रविवारी रात्री पाच तास गाडी चालवणार. उरलेले पाच जण परतीच्या वाटेवर डोळे मिटतील. त्याला ते करता येणार नाही. म्हणून सहलीचा बेत त्याच्या झोपेपासून आखावा, असे मला मनापासून वाटते.

आता ठिकाणांविषयी. जूनच्या पहिल्या आठवड्यात रंधा धबधब्याला सहसा फारसे पाणी नसते. ते धरणातून सोडलेल्या विसर्गावर आणि पावसावर अवलंबून असते. प्रवरा नदीवरील विल्सन धरणाचे, म्हणजेच भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे, परंतु उन्हाळ्याच्या शेवटी जलाशय पुष्कळ खाली गेलेला असतो आणि काठावर भेगाळलेला गाळ दिसतो. छायाचित्रांतील हिरवा भंडारदरा मनात धरून आलेल्यांची या दिवसांत निराशा होते. मला स्वतःला मात्र हेच दिवस फार आवडतात. भातरोपांसाठी राब, म्हणजे पालापाचोळा नि काटक्या, भाजलेले काळे वाफे, घरांवर नव्याने शाकारलेली छपरे आणि दुपारनंतर कळसूबाईच्या रांगेवर जमणारे ढग पाहिले की पावसाची वाट पाहणे म्हणजे काय असते, हे शहरात राहणाऱ्यालाही उमगते.

या दिवसांत तिथे जाण्याचे खरे कारण काजवे हेच आहे, तेव्हा बाकीचा बेत त्यांच्याभोवती बांधावा. काजवे मेच्या अखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत जेमतेम दोन-तीन आठवडे दिसतात. काजव्याच्या पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. ल्युसिफरेज या विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश निर्माण होतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. हा प्रकाश म्हणजे नर आणि मादी यांच्यातील संवाद असतो. उडणारा नर ठरावीक लयीत लुकलुकतो आणि झुडपांत किंवा गवतात बसलेली मादी त्याला उत्तर देते. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे जमतात आणि काही वेळा संपूर्ण झाड एकाच तालावर उजळते नि विझते. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही दिवसांचे ते काही आठवड्यांचे असते. आपल्या दिव्यांच्या झोतात त्याचा इशारा बुडाला, तर ती रात्र त्याच्या मोजक्या रात्रींतून वजा होते.

तुमच्या बेतातील माझा मुख्य आक्षेप येथे येतो. घाटघरच्या कड्यावर सूर्यास्त पाहून तुम्ही परत निघाल ते नेमके काजवे लुकलुकू लागण्याच्या वेळी, आणि उडदावणे, पांजरे, मुरशेत या गावांवरून येणारा तो रस्ता काजव्यांच्या झाडांमधूनच जातो. अशा शनिवारी तिथे गाड्यांची रांग लागते, प्रत्येक गाडीचे दिवे झाडांवर पडतात आणि ज्यासाठी सर्व जण आलेले असतात तेच कोणाला धड दिसत नाही. त्यापेक्षा शनिवारी पहाटे पाचला पुणे सोडावे, संगमनेरला न्याहारी करावी आणि अकरापर्यंत मुरशेत किंवा पांजरे अशा एखाद्या गावात, आधी ठरवलेल्या घरगुती मुक्कामी पोहोचावे. गाडी अंगणात लावली की रविवारपर्यंत तिची किल्ली यजमानांच्या फडताळात राहू द्यावी. दुपारी सर्वांनी झोपावे. सायंकाळी सातच्या सुमारास जेवण उरकून गावातील वाटाड्यासह पायी निघावे. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावावा, तो जमिनीकडेच धरावा आणि ठरलेल्या झाडाजवळ पोहोचताच विझवावा. पहिली दहा मिनिटे काहीच विशेष दिसत नाही. डोळे अंधाराला सरावले की मग रान उलगडू लागते. भ्रमणध्वनी खिशातच ठेवावा, कारण त्याच्या पडद्याचा उजेड तुमचे आणि शेजाऱ्याचे, दोघांचेही डोळे पुन्हा दिपवतो. वाट सोडून झाडाखाली जाऊ नये; माद्या खाली गवतात असतात, आणि पुढच्या पिढीची अंडी तिथल्याच ओलसर पालापाचोळ्यात असायची असतात, नि अळ्या तिथेच गोगलगायी खाऊन वाढायच्या असतात. तारीख अजून बदलता येत असेल, तर अमावास्येच्या जवळचा शनिवार निवडावा.

हा सर्व भाग १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेशशुल्क घेतले जाते आणि काजव्यांच्या दिवसांत वन विभाग रात्रीच्या प्रवेशाच्या वेळा ठरवून देतो. त्या काटेकोरपणे पाळाव्यात.

रविवारी कळसूबाई किंवा रतनवाडी यांपैकी एकच घ्यावे. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे आणि बारी गावातून चढायला साधारण तीन-साडेतीन तास लागतात. कड्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजांचा कडकडाट सुरू होतो आणि त्या वेळी उघड्या कड्यावर, लोखंडी शिडीला धरून उभे असणे अत्यंत धोक्याचे आहे. म्हणून पहाटे निघून दुपारी बाराच्या आत पायथ्याशी परत यायला हवे; ते जमणार नसेल तर कळसूबाई हिवाळ्यासाठी ठेवावी.

सांदण दरी मात्र या सहलीतून पूर्णपणे वगळावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. साम्रद गावाजवळची ही सुमारे दोन किलोमीटर लांबीची घळ काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की जेमतेम एक-दोन माणसे शेजारी उभी राहतील, आणि दोन्ही बाजूंना सरळ कडे असल्यामुळे पाणी आले तर चढून जायला जागा नाही. वर डोंगरात पडलेला पाऊस आत असलेल्या माणसाला दिसतही नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, ते पाणी काही क्षणांत वाढले होते, आणि ती जागा तर उघडी होती. सांदणसाठी नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने योग्य आहेत.

रविवारी दोन वाजेपर्यंत शेंडी सोडली तर संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट उजेडात पार होईल आणि रात्रीच्या जेवणाला तुम्ही घरी असाल. गाडी चालवणाऱ्या मित्राने शिखर चढले असेल, तर त्याला निघण्यापूर्वी तासभर झोपू द्यावे आणि परतीच्या वाटेवर पुढच्या आसनावर बसणाऱ्याने जागे राहून त्याच्याशी बोलत राहावे.

प्रश्न : आम्ही चार मैत्रिणी ठाण्याहून कसारा-घोटीमार्गे जाणार आहोत. मी सहा वर्षे शहरात गाडी चालवते, परंतु घाटात प्रथमच चालवणार आहे. उतारावर आणि धुक्यात नेमके काय सांभाळावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : उतार ज्या गिअरमध्ये चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवला तर त्याचे अस्तर तापते, पकड कमी होते आणि नेमक्या वळणावर पायाखाली ब्रेक मऊ लागतो. त्यामुळे वेग वळणापूर्वी, सरळ रस्त्यावर, थोडा वेळ ठामपणे दाबून कमी करावा आणि मग पाय उचलावा. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे कधीही करू नये. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारे साहाय्य एक-दोनदा दाबल्यावर संपते आणि सुकाणूही जड होते. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणे कठीण असते.

ठाण्याहून आता आणखी एक पर्याय आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला असून त्यातील लांब बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. वेळ वाचतो हे खरे, परंतु तासभर अशा रुंद रस्त्यावर गाडी चालवल्यावर वेगाचा अंदाज बिघडतो. साठचा वेगही रांगल्यासारखा वाटू लागतो, आणि त्याच अंदाजाने माणूस घोटीहून शेंडीकडे वळणाऱ्या अरुंद रस्त्यावर शिरतो. घोटीला थांबून चहा घ्यावा, इंधन भरून घ्यावे, टायरमधील हवा पाहावी आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुढे निघावे. चहापेक्षा तो थांबा महत्त्वाचा आहे.

धुके जूनच्या मध्यापासून खरे दाट होते. त्यात हेडलाइटचा झोत खालीच ठेवावा, कारण वरचा झोत धुक्यावर आदळून आपल्याच डोळ्यांत परततो. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, ती चुकीची आहे; मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळणार आहात, हे त्यामुळे कळत नाही. ते दिवे गाडी उभी असतानाच लावावेत. काचेवर आतून वाफ धरली तर वातानुकूलन सुरू करून हवा काचेवर सोडावी. रस्त्याची डावी कड दिसेनाशी झाली, तर पुढच्या गाडीचे लाल दिवे धरून तिच्यामागे जाऊ नये; एखाद्या ढाब्याच्या किंवा घराच्या मोकळ्या जागेत, रस्ता पूर्ण सोडून थांबावे.

प्रश्न : आमच्यापैकी कोणाकडेच गाडी नाही. ओळखीचे एक गृहस्थ स्वतःची गाडी दोन दिवसांसाठी दर किलोमीटरच्या भावाने देण्यास तयार आहेत. घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नये. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी पैसे घेऊन भाड्याने देता येत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी याच कारणावरून दावा नाकारू शकते. मित्राच्या गाडीतून जाताना सर्वांनी मिळून इंधन भरणे ही वेगळी बाब आहे. तिथेही निघण्यापूर्वी विम्याचा कागद उघडून पाहावा. तो केवळ तृतीय पक्ष विमा असेल, तर गाडीत बसलेल्या मित्रांना त्याचे संरक्षण मिळेल असे गृहीत धरता येत नाही. सर्वसमावेशक विमा असलेली गाडीच निवडावी. तुमच्या बाबतीत परवानाधारक गाडी चालकासह घेणे मला सर्वांत योग्य वाटते. चालकाच्या झोपण्याची सोय मात्र गाडीत न करता तुमच्या मुक्कामीच, अंथरुणावर करावी आणि ती खोली ठरवतानाच सांगून ठेवावी.

प्रश्न : आमच्या गटातील एका मैत्रिणीचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. तिला चढणे शक्य नाही. आम्ही डोंगरावर गेल्यावर तिने दिवसभर खोलीतच बसावे का?
– एक वाचक, मुंबई

उत्तर : तिला एकटे ठेवू नये आणि बाकीच्यांनी डोंगरही सोडू नये. सकाळी दोघींनी तिच्यासोबत जलाशयाच्या दक्षिण काठाने मुतखेल, कोलटेंभेमार्गे रतनवाडीला जावे. तिथले अमृतेश्वराचे कोरीव दगडी मंदिर रतनगडाच्या पायथ्याशी, गावातच आहे. गाडीतून उतरल्यावर फार चालावे लागत नाही आणि पुष्करणीच्या काठी, दगडाच्या गारव्यात तास सहज जातात. माथ्यावरच्या नेढ्यासह, म्हणजे कातळातील आरपार भोकासह, रतनगड तिथून पाहता येतो.

जेवणाला गावातच सांगून ठेवावे. अकोले तालुक्याने भाताचे जुने वाण जपले आहेत, त्यांतील काळभात मिळाला तर तो अवश्य मागावा. बियाण्यांच्या कामासाठी पद्मश्रीने गौरवलेल्या राहीबाई पोपेरे यांचे कोंभाळणे गाव याच तालुक्यात आहे. तुमच्या मैत्रिणीला स्वयंपाकाची किंवा शेतीची आवड असेल, तर जेवण करणाऱ्या मावशींना तिने राब, रोपे आणि बियाण्यांविषयी विचारावे. पेरणीच्या तोंडावर घरोघर बियाणे निवडून ठेवलेले असते, आणि विचारणाऱ्याला ते मोठ्या आपुलकीने दाखवले जाते.